गुन्ह्यांची पोलीस आकडेवारी कशी वाचावी

शहरात गुन्हे वाढले किंवा जिल्ह्यात गुन्हेगारीला आळा बसला, अशा बातमीच्या मुळाशी जो आकडा असतो तो पोलिसांनी नोंदवून घेतलेल्या गुन्ह्यांचा असतो. घडलेले गुन्हे आणि नोंदवलेले गुन्हे यांच्यात किती अंतर आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही. हे अंतर गुन्ह्याच्या प्रकारानुसार, राज्यानुसार आणि वर्षानुसार बदलते. त्यामुळे वाढ किंवा घट दिसली की पहिला प्रश्न असा विचारावा की, या काळात नोंदणीत काय बदलले? त्याचे उत्तर मिळाल्यानंतरच गुन्हेगारीविषयी काही म्हणता येते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग, म्हणजे एनसीआरबी, आपल्या वार्षिक अहवालात नोंदणीतील वाढ आणि गुन्ह्यांतील वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे स्पष्टपणे नमूद करतो. परंतु अहवालावर लिहिणारे बहुतेक जण ते पान उलटून थेट तक्त्यांकडे जातात.

पुढील विवेचन अहवाल वाचणारे विद्यार्थी, पत्रकार, कार्यकर्ते आणि आपल्या परिसराविषयी आस्था असलेले नागरिक यांच्यासाठी आहे.

आकडा कोठे तयार होतो

सर्व आकडेवारीचा उगम पोलीस ठाण्यात, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर होतो. तक्रार घेऊन आलेल्या माणसाची हकीकत ऐकून ती दखलपात्र (न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस स्वतः तपास करू शकतात अशी) आहे की अदखलपात्र (त्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही अशी) हे तेथे ठरते आणि हा पहिला निर्णयच आकडेवारीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असतो. दखलपात्र ठरली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम १७३ अन्वये प्रथम खबर (एफआयआर) नोंदवली जाते, तिला गुन्हा रजिस्टर क्रमांक मिळतो आणि ती देशाच्या बेरजेत जाते. अदखलपात्र ठरली तर कलम १७४ अन्वये नोंद होऊन फिर्यादीच्या हाती एन.सी.ची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची, प्रत पडते आणि त्या घटनेचा राष्ट्रीय अहवालाशी संबंध संपतो, कारण त्या अहवालात केवळ दखलपात्र गुन्हे मोजले जातात. शेजाऱ्याने केलेली शिवीगाळ, धमकी, किरकोळ मारहाण असे रोजच्या जगण्यात माणसाला सर्वाधिक छळणारे बरेचसे प्रकार अशा रीतीने मोजणीबाहेर राहतात.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ती नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली दिला. नव्या संहितेने त्यात एक वाट ठेवली आहे: तीन वर्षे किंवा त्याहून अधिक परंतु सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, चौदा दिवसांच्या आत प्राथमिक चौकशी करून मग गुन्हा नोंदवायचा की नाही हे ठरवता येते. याउलट नोंदणी सोपी करणाऱ्या तरतुदीही त्याच कलमात आहेत. घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असली तरी खबर घ्यावी लागते, म्हणजेच शून्य क्रमांकाने गुन्हा दाखल करून तो योग्य ठाण्याकडे वर्ग करावा लागतो; तसेच खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. या तरतुदींचा वापर कोठे किती होतो यावर येत्या काही वर्षांचे आकडे वर-खाली होतील.

प्रत्यक्षात नोंद टाळण्याचे मार्ग कायद्याच्या कलमांपेक्षा बरेच साधे असतात. पोलीस खात्यात यासाठी 'बर्किंग' हा शब्द सर्रास वापरला जातो. खिशातून मोबाईल चोरीला गेला असला तरी 'गहाळ' झाल्याची नोंद करून प्रमाणपत्र दिले की चोरीचा एक गुन्हा कमी होतो. फिर्यादीलाही अनेकदा सिमकार्ड पुन्हा मिळवण्यापुरता कागद हवा असल्याने तो वाद घालत नाही. जबरी चोरीची साधी चोरी होते, गंभीर दुखापतीची साधी दुखापत होते आणि साध्या दुखापतीची एन.सी. होते. तक्रार अर्ज घेऊन 'चौकशी चालू आहे' असे सांगत राहणे हा आणखी एक मार्ग. म्हणून जेथे गुन्ह्यांचा आकडा कमी आहे तेथे त्याच काळातील एन.सी., गहाळ नोंदी आणि प्रलंबित तक्रार अर्ज किती होते हे विचारल्याशिवाय त्या कमीपणाचे कौतुक करू नये.

संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूची नोंद आधी अकस्मात मृत्यू म्हणून होते आणि शवविच्छेदनात किंवा तपासात घातपात निघाला तरच पुढे खुनाचा गुन्हा दाखल होतो. त्यामुळे खुनासारख्या, जवळजवळ लपवताच न येणाऱ्या गुन्ह्याच्या आकड्यालाही अकस्मात मृत्यूच्या नोंदवहीची किनार असते.

सायबर फसवणुकीत तर अर्ज आणि गुन्हा यांतील दरी डोळ्यांत भरते. १९३० या मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर २०२२ मध्ये ९ लाखांहून अधिक तक्रारी आल्या. त्याच वर्षी देशभरात नोंदवलेले सायबर गुन्हे ६५,८९३ होते. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला लोकांनी सांगितलेल्या प्रकारांचा आहे आणि दुसरा पोलिसांनी गुन्हा म्हणून स्वीकारलेल्या प्रकारांचा. लेखात कोणता वापरतो आहोत हे लिहिले नाही तर वाचकाची दिशाभूल होते.

मोजणीचे नियम

ठाण्यात नोंद झाल्यावर ती सीसीटीएनएस या पोलीस ठाण्यांना जोडणाऱ्या संगणक जाळ्यात भरली जाते. या प्रकल्पाला केंद्राने २००९ मध्ये मंजुरी दिली. जिल्हा किंवा आयुक्तालय पातळीवर आकडे एकत्र होतात, तेथून ते राज्याच्या गुन्हे नोंदणी कार्यालयाकडे जातात आणि राज्याकडून एनसीआरबीकडे. महाराष्ट्रात राज्य पातळीचे हे काम पुण्यातील राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या अखत्यारीत चालते. एनसीआरबीची स्थापना १९८६ मधली असली तरी 'क्राईम इन इंडिया' ही वार्षिक मालिका १९५३ पासूनची आहे. स्वतः एनसीआरबी कोणत्याही ठाण्यात जाऊन गुन्हे मोजत नाही; राज्यांनी पाठवलेले आकडे तपासून, शंका विचारून, एकत्र करून छापणे एवढेच तिचे काम आहे. 'एनसीआरबीने म्हटले' असे लिहिताना हे ध्यानात असावे.

मोजणीचा सर्वांत दूरगामी नियम असा आहे की एका प्रथम खबरेत अनेक गुन्हे असले तरी ज्याला सर्वाधिक शिक्षा आहे तोच एक मोजला जातो. घरात शिरून दागिने लुटले आणि प्रतिकार करणाऱ्या घरमालकाचा खून केला, तर ती घटना खुनाच्या रकान्यात जाते. जबरी चोरी किंवा घरफोडीच्या रकान्यात ती दिसत नाही. या नियमामुळे एकच प्रकरण दोनदा मोजले जाण्याचा धोका टळतो, परंतु त्याची किंमत अशी की तुलनेने सौम्य गुन्ह्यांचे आकडे कायम थोडे कमी दिसतात. बलात्कार करून खून केलेल्या प्रकरणांसाठी महिलाविषयक तक्त्यांत स्वतंत्र रकाना आहे, आणि तो पाहिल्याशिवाय केवळ बलात्काराच्या रकान्यावरून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

मोजणीचे एकक प्रकरण आहे, माणूस नव्हे. गुंतवणुकीच्या फसव्या योजनेत शेकडो लोक बुडाले आणि त्या सर्वांची मिळून एकच फिर्याद नोंदवली गेली तर तो एक गुन्हा होतो. एकाच टोळीने एका सकाळी चार ठाण्यांच्या हद्दींत मंगळसूत्रे हिसकावली तर ते चार गुन्हे होतात. तक्त्यांत प्रकरणे, पीडित व्यक्ती आणि दर यांचे रकाने शेजारीशेजारी असतात आणि इंग्रजीतील एकेका अक्षराने दाखवलेले असतात. घाईत वाचणारा पीडितांची संख्या प्रकरणे म्हणून उचलतो. अटक झालेल्यांचा आकडा तर वेगळ्याच तक्त्यात असतो.

वर्ष नोंदीचे धरले जाते, घटनेचे नाही. दोन वर्षांपूर्वीचा अत्याचार पीडितेने आज सांगितला तर तो चालू वर्षात मोजला जातो. एखाद्या संस्थेतील जुने प्रकार उजेडात आले आणि पाठोपाठ अनेक फिर्यादी आल्या, तर त्या वर्षी तेथे आकडा उसळतो. अशी वाढ लोक बोलू लागल्याचे चिन्ह असू शकते.

मुलांवरील लैंगिक अत्याचारांबाबत एक चूक इतक्या वेळा होते की तिचा स्वतंत्र उल्लेख करायला हवा. २०२२ मध्ये देशात बलात्काराची ३१,५१६ प्रकरणे नोंदवली गेली हा आकडा सर्वत्र छापला गेला. पॉक्सो कायद्याच्या कलम ४ व ६ खालची मुलांवरील बलात्काराची प्रकरणे मात्र वेगळ्या रकान्यात असतात आणि त्या वर्षी ती ३८ हजारांहून अधिक होती. म्हणजे ज्याने फक्त पहिला आकडा घेतला त्याच्या हिशेबातून निम्म्याहून अधिक प्रकरणे सुटली. कोणत्याही गुन्ह्याचा आकडा घेण्यापूर्वी तो गुन्हा आणखी कोणत्या कायद्याखाली नोंदवला जाऊ शकतो याचा शोध घ्यावा.

दर काढताना छेद तपासावा

मोठ्या राज्यात गुन्हे जास्त असणारच. म्हणून तुलनेसाठी दर लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे हे काढतात. नोंदवलेल्या प्रकरणांना लोकसंख्येने, ती लाखांत मांडून, भागायचे. एखाद्या जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख आणि वर्षाचे गुन्हे ३,८४० धरले, तर दर ३२० येतो. गणित शाळकरी आहे. घोळ छेदात होतो.

महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा दर एकूण लोकसंख्येवर न काढता महिलांच्या लोकसंख्येवर काढतात आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा मुलांच्या लोकसंख्येवर. २०२२ मध्ये महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा दर ६६.४ होता, तो त्याच वर्षीच्या ४२२.२ या सर्वसाधारण दराशेजारी ठेवून 'एकूण गुन्ह्यांपैकी इतका वाटा महिलांविरुद्धचा' असे म्हणणे गैर आहे, कारण दोन्हींचे छेद वेगळे आहेत. राज्यांसाठी वर्षाच्या मध्याची अंदाजित लोकसंख्या वापरली जाते. २०११ नंतर जनगणना न झाल्याने हा अंदाज जितका जुना होत जातो तितका तो सैल होतो.

महानगरांच्या बाबतीत अडचण अधिक गंभीर आहे. २० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या १९ महानगरांचे तक्ते एनसीआरबी स्वतंत्रपणे देते, त्यांत मुंबई, पुणे आणि नागपूर आहेत, आणि त्यांचे दर काढण्यासाठी २०११ च्या जनगणनेचीच लोकसंख्या धरली जाते. पुण्यासाठी ती ५०.५ लाख आहे. समजा एखाद्या प्रकारचे १०,१०० गुन्हे पुण्यात नोंदवले गेले, तर तक्त्यातील दर २०० येईल. प्रत्यक्ष लोकसंख्या ७० लाख झाली आहे असे मानले तर तोच दर सुमारे १४४ होतो. जी शहरे या काळात वेगाने वाढली त्यांचे दर अशा रीतीने फुगतात, जी मंदपणे वाढली त्यांचे तितके फुगत नाहीत. 'देशातील सर्वांत असुरक्षित शहरे' अशी क्रमवारी या तक्त्यांवरून लावणाऱ्यांनी तळटीप वाचलेली नसते, किंवा वाचून सोडून दिलेली असते.

हद्दीचाही विचार करावा लागतो. पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाले. पुणे शहर आयुक्तालयाच्या २०१७ आणि २०१९ च्या संख्यांची थेट तुलना केली तर हद्द बदलल्याने झालेली घट पोलिसांच्या कामगिरीच्या खात्यावर जमा होईल. मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय २०२० मध्ये झाले, तेव्हा ठाणे ग्रामीण आणि पालघरच्या आकड्यांबाबत हीच दक्षता हवी.

वाढ आणि घट यांचा अर्थ लावताना

२०२० हे वर्ष सरावासाठी उत्तम आहे. त्या वर्षी देशात ६६,०१,२८५ दखलपात्र गुन्हे नोंदवले गेले, म्हणजे २०१९ पेक्षा २८ टक्के जास्त. आणि हे ज्या वर्षी टाळेबंदीमुळे लोक महिनोन्‌महिने घरात होते त्या वर्षी. तक्ता उघडला की उलगडा होतो. सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाचा भंग, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम १८८, या एका कलमाखालचे गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेले होते. टाळेबंदी मोडणाऱ्यांवरील कारवाईच बहुतांशी या वाढीत दिसत होती. चोरी, घरफोडी, मारहाण असे नेहमीचे गुन्हे त्या वर्षी सुमारे दोन लाखांनी घटले होते. एकूण बेरीज कधीही प्रथम वाचू नये, असे माझे मत या उदाहरणाने पक्के केले आहे.

बेरजेत मिसळणारा आणखी एक मोठा भाग विशेष आणि स्थानिक कायद्यांखालील गुन्ह्यांचा असतो. दारूबंदी, जुगार, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्रे यांच्या बहुतेक प्रकरणांत फिर्यादी स्वतः पोलीस असतात; छापा घातला तर गुन्हा, नाही घातला तर काहीच नाही. महाराष्ट्रातील ठाण्यांत भाग १ ते ५ (दंड संहितेखालील गुन्हे) आणि भाग ६ (विशेष व स्थानिक कायद्यांखालील गुन्हे) अशी जी जुनी विभागणी चालते तिच्यामागे हाच फरक आहे: भाग ६ मधील वाढ पोलिसांनी जास्त कारवाया केल्याचे सांगते. एखाद्या अधीक्षकाने मोहीम काढली की त्या जिल्ह्याचा भाग ६ फुगतो आणि बदली होताच पुन्हा आटतो. म्हणून दंड संहितेखालील (आता भारतीय न्याय संहितेखालील) गुन्हे आणि विशेष कायद्यांखालील गुन्हे नेहमी वेगळे वाचावेत.

कायदा किंवा न्यायालयाचा आदेश बदलला की आकडा बदलतो. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१३ मध्ये बलात्काराची व्याख्या विस्तारली गेली, संमतीचे वय १६ वरून १८ झाले आणि अशा गुन्ह्याची खबर नोंदवण्यास नकार देणाऱ्या लोकसेवकाला शिक्षेची तरतूद झाली. नोंदवलेली प्रकरणे २०१२ मधील २४,९२३ वरून २०१३ मध्ये ३३,७०७ वर गेली. या वाढीत व्याख्येचा वाटा किती, भीती ओलांडून पुढे आलेल्या स्त्रियांचा किती आणि प्रत्यक्ष गुन्ह्यांचा किती हे केवळ या तक्त्यावरून वेगळे करता येत नाही, आणि जो तसे करून दाखवतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. त्याच वर्षी हरवलेल्या अल्पवयीन मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की तक्रार येताच अपहरणाचा गुन्हा नोंदवावा. रागाने घर सोडलेला मुलगा, प्रियकरासोबत गेलेली सतरा वर्षांची मुलगी आणि खरोखरच पळवून नेलेले बालक हे तिघेही तेव्हापासून एकाच रकान्यात येतात. २०२२ मध्ये मुलांविरुद्धच्या १,६२,४४९ गुन्ह्यांपैकी सुमारे ४६ टक्के अपहरणाचे होते. 'इतकी मुले पळवली गेली' असे मथळे देऊन पालकांना घाबरवण्यापूर्वी किती मुले परत सापडली याचा तक्ता त्याच अहवालात पाहता येतो.

लहान संख्यांची टक्केवारी देणे हा तर निव्वळ खोडसाळपणा वाटावा इतका फसवा प्रकार आहे. तालुक्यात खून चारवरून सहा झाले की वाढ ५० टक्के होते. पुढच्या वर्षी पुन्हा चार झाले की घट ३३ टक्के. अशा ठिकाणी किमान पाच वर्षांच्या मूळ संख्या मांडाव्यात आणि टक्केवारी सोडून द्यावी.

सगळेच आकडे सारखे अविश्वसनीय आहेत असा मात्र याचा अर्थ नाही. खुनाचा आकडा तुलनेने भक्कम असतो, कारण मृतदेह नाकारता येत नाही. २०२० ते २०२२ या तीन वर्षांत तो अनुक्रमे २९,१९३, २९,२७२ आणि २८,५२२ असा जवळपास स्थिर आहे, आणि २०२० च्या एकूण बेरजेतील उसळी खऱ्या हिंसाचाराची नव्हती याचा हाही एक पुरावा आहे. वाहनचोरीचा आकडा दुसऱ्या कारणाने बरा असतो: विम्याच्या दाव्यासाठी गुन्हा नोंदवलेला लागतो. याउलट घरातील हिंसाचार, छेडछाड, लैंगिक अत्याचार आणि किरकोळ चोरी यांचे आकडे वास्तवापासून सर्वाधिक दूर असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा विवाह झालेल्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसाचार कधी ना कधी सोसल्याचे सांगितले. २०२२ मध्ये पती आणि नातेवाईकांच्या छळाचे देशभरात नोंदवलेले गुन्हे सुमारे १ लाख ४० हजार होते. पोलिसांना न विचारता थेट लोकांना विचारणारी अशी सर्वेक्षणे जेथे उपलब्ध असतील तेथे ती जोडीला घ्यावीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८२ पासून गुन्ह्यांचे स्वतंत्र सर्वेक्षण होते आणि तेथील पोलीस तपासणी यंत्रणेने २०१४ मध्ये पोलिसांकडे आलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के नोंदवलेच जात नव्हते असे दाखवून दिले. आपल्याकडे देशपातळीवर असे नियमित वार्षिक सर्वेक्षण नाही.

एका राज्याची दुसऱ्याशी तुलना करताना मी खुनाचा दर आणि एकूण दर शेजारी ठेवतो. खुनाचा दर मध्यम, पण एकूण दर खूप उंच असेल तर तेथे लोक तक्रार करतात आणि पोलीस ती घेतात, अशी शक्यता आधी तपासावी. केरळचा आकडा पाहताना ही शक्यता विसरू नये. खुनाचा दर उंच आणि चोरी-मारहाणीचे दर विलक्षण कमी असतील तर नोंदवह्यांकडे संशयाने पाहावे.

तपास आणि शिक्षा यांचे दर

दोषारोपपत्राचा दर काढताना दाखल झालेले सर्व गुन्हे छेदात नसतात. पोलिसांनी त्या वर्षी निकाली काढलेली प्रकरणेच असतात. मागील ४०० प्रलंबित आणि नवे १,००० गुन्हे हाती असलेल्या जिल्ह्याने ७०० निकाली काढून त्यांतील ४९० मध्ये दोषारोपपत्र पाठवले, तर दर ७० टक्के येतो. हाती असलेल्या एकूण १,४०० शी ताडून पाहिले तर तो ३५ टक्के आहे. उरलेली ७०० प्रकरणे तपासाधीन म्हणून पुढच्या वर्षात जातात. दोषसिद्धीचा दरही खटला पूर्ण झालेल्या प्रकरणांवरच काढतात. २०२२ मध्ये दंड संहितेच्या गुन्ह्यांत तो ५४.२ टक्के होता, पण याचा अर्थ दर दोन गुन्ह्यांमागे एकाला शिक्षा झाली असा नाही, कारण न्यायालयांत पडून असलेले खटले या हिशेबात येतच नाहीत.

दोषारोपपत्र न पाठवता मिटवलेल्या प्रकरणांसाठी महाराष्ट्रात अ, ब आणि क समरी अशी वर्गवारी आहे. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर अ. फिर्याद खोटी असेल तर ब. गैरसमजातून नोंदवलेली किंवा दिवाणी स्वरूपाची निघाली तर क. खोट्या तक्रारींचे प्रमाण सांगताना अनेक जण तिन्ही एकत्र करतात, किंवा आरोपी निर्दोष सुटलेले खटलेही त्यात घालतात. पुरावा कमी पडणे आणि फिर्याद खोटी असणे यांत मोठे अंतर आहे. मासिक गुन्हे आढावा बैठकीतून बाहेर येणारे 'उघडकीचे प्रमाण', म्हणजे किती गुन्ह्यांचा छडा लागला याची टक्केवारी, तर आणखी जपून घ्यावे. पकडलेल्या एका चोराने वीस घरफोड्यांची कबुली दिली की त्या महिन्यात ते एकदम वर जाते.

आपल्या परिसराचे आकडे मिळवणे

एनसीआरबीच्या संकेतस्थळावर अहवाल आणि तक्ते मोफत मिळतात, पण ते उशिराने येतात. २०२२ चा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि २०१७ चा तर ऑक्टोबर २०१९ मध्ये. तक्त्याखालच्या टिपा वाचल्याशिवाय आकडा उतरवू नये. २०१९ च्या अहवालात पश्चिम बंगालची माहिती वेळेत न आल्याने तेथे २०१८ चेच आकडे वापरले होते, आणि ही गोष्ट केवळ टिपेतूनच कळते. ठाणेनिहाय माहिती या अहवालात नसते. दाखल झालेल्या प्रथम खबरी, संवेदनशील प्रकरणे वगळून, पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर पाहता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाने त्या प्रसिद्ध करणे पोलिसांना भाग आहे. त्यांतून आपल्या ठाण्यात कोणत्या कलमांखाली किती नोंद होते याचा अंदाज चिकाटी असेल तर घेता येतो.

बाकीचे माहितीच्या अधिकारातून मिळते. अर्ज पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याला द्यावा. शुल्क १० रुपये, ते कोर्ट फी स्टॅम्प लावून भरता येते. महाराष्ट्रातील नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा असावा लागतो, म्हणून 'गुन्हेगारीची माहिती द्यावी' असे मोघम न लिहिता कालावधी, ठाण्याचे नाव आणि रकाने नेमके सांगावेत: भाग १ ते ५ आणि भाग ६ चे दाखल गुन्हे, अदखलपात्र नोंदी, मोबाईल गहाळ झाल्याच्या नोंदी, अकस्मात मृत्यू, आणि अ, ब, क समरीची संख्या, पाच वर्षांसाठी वर्षनिहाय. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. तपासात बाधा येईल असे कारण देऊन माहिती नाकारली गेली तर पहिल्या अपिलात हे मांडावे की मागितली आहे ती केवळ संख्या, कोणत्याही प्रकरणाचा तपशील नव्हे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधील तो अपवाद एकत्रित संख्यांना लागू करणे कठीण आहे.

२०२४ पासूनचे आकडे मागवताना आणखी एक दक्षता घ्यावी लागेल. १ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळे त्या एकाच वर्षात सहा महिने जुन्या कलमांचे आणि सहा महिने नव्या कलमांचे आहेत. खून ३०२ वरून १०३ वर गेला हा बदल केवळ क्रमांकाचा आहे. पण दागिने वा मोबाईल हिसकावणे आता कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा झाला आहे. पूर्वी अशी प्रकरणे चोरी किंवा जबरी चोरी या रकान्यांत विखुरलेली असत, त्यामुळे २०२५ मध्ये त्या दोन रकान्यांत घट दिसली तर ती प्रथम कलम ३०४ च्या आकड्याशी जुळवून पाहावी. संघटित गुन्हेगारीसाठी कलम १११ आणि लहान टोळ्यांच्या गुन्ह्यांसाठी कलम ११२ नव्याने आले आहे, आणि जुन्या संहितेत त्यांना जोडी नाही. माहिती अधिकाराच्या अर्जात जुनी आणि नवी कलमे दोन्ही लिहावीत आणि २०२४ ची माहिती जानेवारी ते जून व जुलै ते डिसेंबर अशी तोडून मागावी, कारण एकत्र केलेली बेरीज नंतर वेगळी करण्याचा उपाय अर्जदाराच्या हाती राहत नाही.